पंगत गावात, लेकरू उपाशी पुण्यात!

औंढा नागनाथाच्या देवळात जो कोणी गेला असेल त्याने एक गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहिली असेल. इतर ठिकाणी महादेवाचा नंदी देवासमोर बसलेला असतो. येथे तो देवळाच्या पाठीमागे आहे. असे का, ते आमच्या मुलुखातले लहान पोरही सांगते. नामदेव शिंपी देवापुढे कीर्तन करू लागले, पुजाऱ्यांस ते खपले नाही, त्यांनी नामदेवांस उठवून मागच्या बाजूस घालविले. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने भक्ताकडे तोंड केले. ही कथा खरी की खोटी ह्या वादात आम्ही शिरत नाही. कथेचा अर्थ मात्र स्वच्छ आहे. ज्याला समोरून हाकलले त्याच्याकडे दगडानेही तोंड वळविले. आणि आम्ही? आमच्याच हाडामांसाची लेकरे पुण्यामुंबईस अर्ध्या पोटी दिवस काढीत आहेत, आणि आम्ही त्यांच्याकडे पाठ करून गावच्या पंगतीत बुंदी वाढीत बसलो आहोत!

राग आला? येऊ द्या. रागावून का होईना, पण पुढे वाचा.

गेल्या पावसाळ्यात आम्हांस कामानिमित्त पुण्यास जावे लागले. सदाशिव पेठ, नवी पेठ ह्या भागांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरे हजारोंनी राहतात, आणि त्यांत मराठवाड्याची पोरे पुष्कळ. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव ह्या तालुक्यांतली बोली तेथल्या गल्लीत कानावर पडते. आमच्याच बाजूच्या एका पोराच्या खोलीवर आम्ही उतरलो. खोली ती केवढी? आमच्याकडे ह्याहून मोठ्या जागेत एक म्हैस बांधतात. तीत पाच जण. दुपारी एकच्या सुमारास मेसचा डबा आला. त्यात चार चपात्या, वाटीभर बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि मूठभर भात. डबा एकाच्या नावाचा. जेवायला बसले दोघे. आम्हांस तिसऱ्याचा आग्रह करू लागले, तेव्हा आमचा घास घशात अडकला.

त्यांतला एक पोर हसत म्हणाला, "काका, सकाळी उशिरा उठलं की एक जेवण वाचतं."

आम्ही विचारले, "बापाला फोनवर काय सांगतोस?"

"जेवलो म्हणून सांगतो."

बापहो, तुमचे लेकरू तुम्हांस रोज खोटे सांगते. आणि तुम्ही तरी काय करता? सोयाबीन पाण्याखाली गेलेले असते, हळदीला करपा लागलेला असतो, पण फोनवर "इकडं सगळं बरं आहे, तू अभ्यास कर" म्हणून सांगता. दोघे एकमेकांस खोटे सांगून एकमेकांची लाज राखता. ह्यात प्रेम आहे हे आम्ही जाणतो. पण प्रेमाने पोट भरत नाही. म्हणून आज लाज बाजूस ठेवून हिशेब मांडावयाचा आहे.

हिशेब असा. पुण्याच्या पेठांत दोन वेळच्या मेसला आज महिन्याला साधारण तीन ते चार हजार रुपये पडतात. खोलीचे भाडे, अभ्यासिकेची फी, पुस्तके हे वेगळे. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता. बाजारात मात्र पुष्कळांच्या पदरी चार हजारांच्या आसपासच पडले. म्हणजे एक क्विंटल सोयाबीन आडत्याच्या काट्यावर गेले की एका लेकराची एका महिन्याची मेस होते. दहा महिन्यांची मेस म्हणजे दहा क्विंटल. ज्याच्या दोन-तीन एकरांत बी, खत, फवारणी आणि मळणी वजा जाता हातात काही उरते की नाही याचीच भ्रांत, त्याने हे दहा क्विंटल आणावयाचे कोठून? मग सावकार आहे, बचतगटाचे कर्ज आहे, मायचे मणी आहेत. आणि इतके करूनही पोर चार चपात्यांत दोघे!

मेसवाल्यास आम्ही शिव्या देत नाही. तोही गॅसच्या आणि तेलाच्या भावाखाली दबलेला असतो. पण मेसचे कायदे पाहा. पैसे महिन्याचे आगाऊ. रविवारी दुपारी गोड, म्हणून रविवारी रात्री चूल बंद. त्या रात्री ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने पाणी पिऊन निजावे. पोर चार दिवस गावी गेले तर खाडा धरतीलच असे नाही. डब्यात चपात्या मोजून. वरची हवी तर वरचे पैसे. अठरा-वीस वर्षांचे, रानात वाढलेले, सहा भाकरी मोडणारे पोर आणि मोजून चार पातळ चपात्या! आणि पोरींची गत आणखी वाईट. पोरगी कमी खाते असे धरून काही ठिकाणी तिच्या डब्यात चपात्या कमी घालतात आणि पैसे मात्र पुरे घेतात. रविवारी रात्री पोर निदान कोपऱ्यावरच्या गाडीवर जाते. पोरीला अंधार पडल्यावर तेथे उभे राहणेही अवघड. घरी माय सर्वांच्या मागून जेवते, आणि शहरात लेक सर्वांच्याहून कमी जेवते. बाईच्या पानात कमी वाढण्याची ही रीत आम्ही आमच्या घरातूनच शहरास पाठविली आहे, हे विसरू नका.

आता शहाणे लोक पुढे येतात आणि सांगतात, "शहरात स्वस्तात खाण्याची युक्ती पाहिजे. वडापाव खावा, मिसळ खावी, भागते." ह्या वडापावाची गोष्टही ऐकून ठेवा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला असे सांगतात. गिरणीच्या पाळीला धावणारा कामगार, बसून जेवायला वेळ नाही आणि पैसाही नाही. त्याच्या हातात चालता चालता देता येईल असे ते खाणे. घाईतल्या माणसाची ती सोय होती. सोय म्हणून आम्ही तिला नावे ठेवीत नाही. परंतु सोयीलाच जेवण म्हणू लागलात तर पोराचे हाल होतात. मैद्याचा पाव, आत बटाटा, वर बेसन, सारे तेलात तळलेले. पंधरा-वीस रुपयांत पोट दोन तास गप्प बसते, मग पुन्हा ओरडते. दिवसाला तीन वडापाव आणि पाच चहा यांची बेरीज करा. तेवढ्यात एक पुरती थाळी येत होती. चहाने भूक मारणारी पोरे आम्ही पाहिली. भूक मरते, आणि तिच्याबरोबर अभ्यासही मरतो. अशक्तपणा आला, कावीळ झाली, की दवाखान्याच्या एका खेपेत महिनाभराची काटकसर वाहून जाते.

पोरांनो, तुमच्यासाठी चार शब्द वेगळे लिहितो. हातात पैसा थोडा असेल तेव्हा तो तीन ठिकाणी किरकोळ उडवू नका. दुपारची एक थाळी पुरती जेवा. दोघांत एक डबा घेणे भागच पडले तर वरून उसळ, उकडलेली अंडी किंवा केळी यांची भर घाला. नुसती चपाती अर्धी करून वाटू नका. गावाहून येताना भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, ज्वारीच्या लाह्या आणि तिळाची चटणी आणा. मायने बांधून दिलेले हे गाठोडे आणायला लाजू नका. कित्येक पोरे मित्र हसतील म्हणून भाकरी पिशवीच्या तळाशी दडवितात. अरे, हसणाऱ्यांच्या शहरात तीच भाकर आता थाटाच्या हॉटेलात चढ्या दराने विकतात! जेथे तळणाचे तेल काळे झालेले दिसेल तेथून उठा. टपरीवर उधारीचे खाते उघडू नका. उधारी लागली की माणूस स्वस्त काय ते पाहत नाही, उधार कोठे मिळते ते पाहतो. आणि आजारी पडलात तर लपवू नका. दुखणे लपविण्यात शूरपणा नाही.

हा उपदेश आम्ही मनापासून केला. पण एवढ्यावर थांबू तर आम्हीही त्या शहाण्यांच्याच पंगतीतले ठरू. लंगड्याला कुबडी कशी धरावी हे शिकविणे वेगळे, आणि त्याचा पाय का मोडला ते विचारणे वेगळे. तेव्हा विचारू या की शहरात गरिबाला स्वस्त जेवण आजवर कोणी घातले?

पहिले उत्तर: बायांनी. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून लाखो माणसे बायकापोरे गावी ठेवून कामास गेली. त्यांस जेवू कोणी घातले? चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्हपुढे बसलेल्या खानावळवाल्या बायांनी. पगार झाला की पैसे. पगार लांबला की खानावळही उधार. वाण्याचे व्याज बाईच्या डोक्यावर आणि कामगाराचे जेवण स्वस्त! १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ह्या बायांस जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेचे कर्ज मिळवून त्यांस सावकाराच्या तावडीतून सोडविण्याचे काम चालविले. त्याआधी कित्येक पिढ्या त्या बायांचा घाम कोणी मोजला नव्हता. १९८२ सालच्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, पगार थांबला, तेव्हा पहिली झळ लागली ती कामगाराच्या चुलीस आणि त्याला उधार वाढणाऱ्या खानावळवालीस. तेव्हा 'स्वस्त जेवण' असे कोणी म्हटले की आम्ही आधी विचारतो: स्वस्त कोणाच्या जिवावर?

दुसरे उत्तर: सरकारने. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देण्याची केंद्रे निघाली. वाहवा झाली. पुढे राज्य पालटले, अनुदान थांबले. पुष्कळ टपऱ्या राहिल्या, त्यांतला झुणका गेला आणि भलतेच पदार्थ विकले जाऊ लागले. जागा कोणाच्या ताब्यात राहिल्या ते लोकांनी पाहिले. मग २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात; जेवणाऱ्याने दहा रुपये द्यावे. थाळीचा दर शहरात पन्नास आणि ग्रामीण भागात पस्तीस धरलेला. वरची रक्कम सरकारने केंद्रचालकास द्यावी. टाळेबंदीत ती पाच रुपयांस झाली, २०२१ च्या निर्बंधांत काही काळ फुकट दिली गेली. त्या दिवसांत कित्येक हातावर पोट असलेल्यांस तिने तारले हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण २०२५ साली केंद्रचालक अनुदान महिनोन्महिने थकल्याची तक्रार करू लागले. ज्याच्या खिशातून थाळी चालावयाची तो बचतगट किंवा लहान हॉटेलवाला किती दिवस उधारीवर सरकारची अब्रू राखणार? चेन्नईत २०१३ साली अम्मा उणवगम म्हणून स्वस्त खानावळी निघाल्या, एक रुपयास इडली. त्या चालवायला महिलांचे बचतगट घेतले. बंगळुरात २०१७ साली इंदिरा कँटीन निघाले. कोठे अम्मा, कोठे इंदिरा, कोठे शिव! गरिबाच्या ताटावर पुढाऱ्याने आपले किंवा आपल्या दैवताचे नाव घातले की दुसरा पुढारी येताच ते ताट डोळ्यांत खुपते. पाटी बदलायची म्हणून चूल विझते.

शिष्यवृत्त्यांचेही तसेच. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भोजनासाठी वर्षाला ३२,००० रुपये धरले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने निर्वाह भत्ता आहे, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाईंच्या नावाने आधार योजना आहे. योजना चांगल्या, नावे थोर. पण हप्ता वेळेवर येत नाही ही पोरांची नित्याची तक्रार. भूक काय वर्षाअखेरीस लागते? जून महिन्याची भाकर मार्चमध्ये मिळाली तर ती कोणी खावी? आमचे सरकारास स्पष्ट सांगणे आहे की जेवणाचा पैसा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आलाच पाहिजे. तुमच्या आमदारास, मत मागायला दारात येईल तेव्हा, हाच एक प्रश्न विचारा. रस्त्याचा आणि सभामंडपाचा नंतर विचारा.

परंतु तिसरे उत्तरही आहे, आणि त्यासाठीच हा लेख. गरिबाच्या लेकरास शहरात आमच्याच माणसांनी आमच्याच धान्यावर जेवू घातले आहे. एक काळ असा होता की पुण्यामुंबईत खानावळीच्या पाटीवरच जात लिहिलेली असे. पैसे असले तरी आत शिरता येत नसे. कपबशी वेगळी, पाणी वरून ओतलेले. त्या काळात शाहू महाराजांनी काय केले? १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले, आणि त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. त्यांस ठाऊक होते की खेड्यातल्या पोराला शाळेची फी माफ करून भागत नाही. त्याला शहरात राहायला छप्पर आणि खायला भाकर पाहिजे. आणि अस्पृश्य गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा पीत, बरोबरच्या मंडळींसही पाजीत. राजाने ज्याचा चहा घेतला त्याला विटाळ म्हणण्याची छाती कोणाची होती? छत्रपतीने हॉटेलच्या बाकावर समता बसविली. पुढे १९५० साली राज्यघटनेने हॉटेलचे दार सर्वांस उघडे केले.

कर्मवीर भाऊराव पाटलांचेही तसेच. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. एक चूल, एक पंगत. मुलांनी काम करावे आणि शिकावे. एके वेळी मुलांच्या पोटास काही उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. पण पंगत मोडू दिली नाही. त्या पंगतीतून शिकून गेलेल्यांनी गावोगाव शाळा काढल्या. आमच्या मराठवाड्यास १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे राज्य होते. आमच्या वाट्याला शाहू आला नाही, भाऊराव आला नाही, हे खरे. पण म्हणून आम्ही अजून किती पिढ्या कोणी येईल म्हणून वाट पाहावयाची?

आणि लांब तरी कशाला जावे? जवळच्या नांदेडास जा. हुजूर साहेबाचा लंगर पाहा. राजा बसो की मजूर, एका रांगेत खाली बसावयाचे. ताट सर्वांस सारखे. वाढणारा कोण आणि जेवणारा कोण ते कोणी विचारीत नाही. पीठ कोठून येते? घराघरांतून. भांडी कोण घासतो? जो जेवला तोच, हौसेने. आणि ज्या शिखांचा हा लंगर, त्यांच्या गुरू ग्रंथ साहेबात आमच्या नरसीच्या नामदेवाची एकसष्ट पदे आहेत! नामदेवाचा शब्द पंजाबात गेला आणि तेथे मान पावला. ज्या माणसांनी तो मान दिला त्यांचा लंगर परत आमच्या शेजारी येऊन शेकडो वर्षे चालला आहे. आम्ही नामदेवाच्या गावचे, आम्ही मात्र चूल पेटविली ती तेरवीला!

येथे आमच्या बोलण्याचा खरा रोख आहे. गावात तेरवीची पंगत पाचशे पानांची. पानामागे ऐंशी रुपये धरा. चाळीस हजार झाले. एका लेकराची पुण्यातली दहा महिन्यांची मेस एका दिवसात उष्ट्या पत्रावळीवर गेली. ज्यांना वाढले ते घरी भाकर असलेले, आदल्या दिवशी दुसऱ्या तेरवीत जेवून आलेले. आणि ज्याची तेरवी त्याला जिवंतपणी औषधाला पैसे नव्हते! लग्नाची गोष्ट तर बोलूच नये. महाशिवरात्रीला, सप्त्याला भंडारे. एका वाड्याने बुंदी केली म्हणून दुसऱ्याने जिलेबी केलीच पाहिजे. पंगतीत वाढणारा ओरडतो, "घ्या, घ्या!" आणि जेवणारा म्हणतो, "पुरे, पुरे!" पुण्यात आमचे पोर म्हणते "आणखी एक", आणि मेसवाला म्हणतो "दहा रुपये".

कोणी म्हणेल, "अन्नदानासारखे पुण्य नाही, तुम्ही धर्म बुडवायला निघालात." आम्ही विचारतो, दान कोणाला म्हणतात? भरल्या पोटावर वाढणे हे दान की देखावा? भुकेल्याला मिळते ते अन्नदान. तुमच्या गावचा भुकेला कोण, ते आम्ही वर सांगितले. तो पुण्याच्या एका खोलीत उशिरा उठून जेवण वाचवितो आहे. त्याला वाढा, त्याहून मोठा यज्ञ आम्हांस ठाऊक नाही.

दुसरा म्हणेल, "पोरे शहरात चैन करतात, मोबाईल घेतात, त्यांना कशाला द्या?" काही करीत असतील. पण म्हणून सर्वांस उपाशी ठेवावे काय? पैसे हातात देऊ नका, भाकर ताटात द्या. भाकरीची चैन होत नाही. तिसरा म्हणेल, "हजारोंतून नोकरी एखाद्याला लागते, बाकीचे परतच येतात." हे मात्र खरे आहे, आणि ते पोरांस वेळीच सांगणे हे बापाचे कामच आहे, किती वर्षे द्यावयाची ते आधी ठरवावे. पण परत येणारे पोर धडधाकट परत यावे की आतडी सुकवून यावे, हे तरी आपल्या हातात आहे ना?

तर करावयाचे काय? औंढा तालुक्याच्या गावांनी मिळून पुण्यास आपली चूल घालावी. हिशेब आम्ही करून देतो. एक लेकरू दिवसाला चार भाकरी खाते असे धरले तर ज्वारीचे पीठ साडेचारशे ग्रॅमच्या आसपास लागते. पन्नास लेकरांस तीनशे दिवसांला सुमारे अडुसष्ट क्विंटल ज्वारी. दिवसाला शंभर ग्रॅम डाळ धरली तर पंधरा क्विंटल तूरडाळ. एका घराने अर्धा क्विंटल ज्वारी दिली तर एकशे छत्तीस घरांत ज्वारी पुरी होते; औंढ्याच्या पंचक्रोशीत एवढी घरे नाहीत काय? सोयाबीनच्या नादात आमच्या शिवारातून ज्वारी उठत चालली आहे. ह्या निमित्ताने बांधाकडेचे चार तास ज्वारीचे पेरा. जनावरास कडबाही होईल. हळद तर आमच्या घरची, मिरची घरची. ज्याच्याकडे शेत नाही त्या सुताराने पाट-फळ्या कराव्या, लोहाराने तवे-उलथणी द्यावी, शिंप्याने पिशव्या शिवाव्या. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने ट्रकात पोती चढवावी. जागेचे भाडे, गॅस, तेल, भाजी आणि स्वयंपाक करणाऱ्यांची मजुरी एवढेच पोरांनी वाटून भरावे. धान्याचा भार उतरला की मेसच्या दराचा मोठा भाग हलका होईल.

मात्र चार नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लिहावे. एक, जात विचारावयाची नाही आणि पंगत एकच. दोन, भाकरी थापणाऱ्या बाईस पुरती मजुरी आणि आठवड्याची सुटी. स्वस्त जेवण तिच्या घामावर होता कामा नये. तीन, पोर असो की पोरगी, ज्याने जेवावे त्याने आपले ताट घासावे, आणि पोरीच्या ताटात भाकर कमी पडता कामा नये. चार, दर महिन्याचा जमाखर्च दारावर लावावा आणि चुलीस कोणत्याही पुढाऱ्याचे नाव देऊ नये. नाव दिले की पाटी आली, पाटी आली की भांडण आले.

आज घरी तेरवी, साखरपुडा किंवा सप्ता ठरत असेल तर एवढेच करा. पाचशे पानांची दोनशे करा, आणि उरलेल्या तीनशे पानांची ज्वारी एका पोत्यात भरून पोत्यावर लिहा, "पुण्याच्या चुलीसाठी". ज्यांना पंगत कमी झाली म्हणून राग येईल त्यांना आमच्याकडे पाठवा. आम्ही त्यांस त्या खोलीवर घेऊन जातो, आणि चार चपात्यांत दोघे कसे जेवतात ते दाखवितो.

देवळाने एकदा तोंड फिरविले, त्याचा नंदी आजवर मागे बसून साक्ष देतो आहे. आता तोंड फिरविण्याची पाळी आमची आहे. आज संध्याकाळी पोराचा फोन येईल. "जेवलास का?" एवढे विचारून फोन ठेवू नका. "काय जेवलास?" म्हणून विचारा.